परराष्ट्रमंत्र्यांच्या फायलीत कापूस का नसतो?



५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान पोहरादेवीला येऊन गेले. जगदंबेचे दर्शन झाले, संत सेवालाल महाराज आणि रामराव महाराज यांच्या समाधीला वंदन झाले, बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याच दौऱ्यात किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता सुटला. आपल्या वाट्याला प्रत्येकी दोन हजार रुपये. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांचे विमान रावळपिंडीच्या नूर खान तळावर उतरले. शांघाय सहकार्य संघटनेची बैठक इस्लामाबादला होती. भारताचा परराष्ट्रमंत्री पाकिस्तानात पाऊल टाकतो, असे जवळजवळ नऊ वर्षांनी घडत होते.

या दोन घटना कुणी जोडून पाहिल्या नाहीत. मला त्या जोडाव्याशा वाटतात. मानोऱ्याच्या बाजारात, ते दौरे आटोपल्यावर, एका तांड्यातल्या म्हाताऱ्या कास्तकाराने मला विचारले होते, "सायेब तिकडं जाऊन आले म्हंतात. मंग आपल्या कापसाचं काई बोलले का?" आजूबाजूचे चारचौघे हसले. परराष्ट्रमंत्री म्हणजे मोठा माणूस, तो युद्ध-शांततेचे बोलणार, आतंकवादाचे बोलणार, तो कशाला सरकी-रुईचे बोलेल? मीही तेव्हा हसलो. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की हसण्यासारखे त्यात काही नव्हते. म्हाताऱ्याने विचारला तो प्रश्न दिल्लीत कुणीतरी विचारायला हवा होता.

त्याने तो विचारावा हेही साहजिक आहे. ज्याला आज साहेब लोक प्रादेशिक सहकार्य म्हणतात, कनेक्टिव्हिटी म्हणतात, तो धंदा त्याच्या पूर्वजांनी शेकडो वर्षे बैलाच्या पाठीवर केला. लवण म्हणजे मीठ, ते वाहणारा तो लमाण, अशी एक फोड पुष्कळ जण सांगतात. समुद्रकाठचे मीठ आत न्यायचे, आतले धान्य बाहेर न्यायचे, वाटेत कापूस मिळाला तर कापूस. याला लदेणी म्हणत. हजार हजार बैलांचा तांडा, पुढे नायक, आणि एका राजाच्या मुलखातून दुसऱ्याच्या मुलखात जायला यांना कुणी अडवत नसे. कारण सोपे होते. तांडा अडवला तर आपल्याच फौजेला दाणा मिळणार नाही हे मोगलालाही कळत होते, निजामालाही आणि पेशव्यालाही. १८०३ च्या हिवाळ्यात आपल्याच वऱ्हाडात अडगावची लढाई झाली, गाविलगडाला वेढा पडला, तेव्हा इंग्रजांच्या वेलस्लीची फौज बंजाऱ्यांच्या धान्यावर अवलंबून होती. लढाया होत होत्या आणि बैल चालत होते.

वऱ्हाडाचा कापूसही असाच चालत होता. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर पाचशे मैल चालत गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावेने बंगालात उतरे. १८४२ साली एका व्यापाऱ्याने या वाटेने एक लाख बैलांचा कापूस कलकत्त्याकडे पाठवला, अशी इंग्रजांच्या गॅझेटियरात नोंद आहे. एक लाख बैल! आज मानोऱ्याहून दिग्रसला दोन ट्रक कापूस न्यायचा म्हटला तरी आपल्याला काट्याची, रांगेची आणि ग्रेडरची धास्ती असते.

मग रूळ आले. १८६७ पर्यंत मुंबईची गाडी नागपूरला पोचली. अमेरिकेत यादवी पेटल्यामुळे विलायतच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची भूक लागलीच होती. कापूस पूर्वेला जायचा तो पश्चिमेला वळला, बैल बसले, आणि १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आल्यावर ज्या माणसाला कालपर्यंत कुणी नाक्यावर अडवत नव्हते त्याच्या कितीतरी तांड्यांना पोलिसाच्या वहीत हजेरी लावावी लागली. लदेणी करणारा कास्तकार झाला. पोहरादेवीच्या आसपासच्या माळावर जी पऱ्हाटी आणि ज्वारी उभी असते ती त्याचीच.

गोऱ्याने व्यापार मोडला हे आपण शाळेत शिकतो. आपल्या माणसांनी काय केले ते शिकवत नाहीत. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणजे तांड्याचेच सुपुत्र. हेतू चांगला असेल, मी हेतूवर बोलत नाही. पण योजनेचा अर्थ असा होता की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने आपला कापूस सरकारखेरीज कुणाला विकायचा नाही आणि राज्याच्या हद्दीबाहेर न्यायचा नाही. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला भाव जास्त असला तरी तिकडे गाडी नेली तर तुम्ही गुन्हेगार. ज्यांच्या आजोबाने पाचशे मैल कापूस वाहिला त्यांना नदी ओलांडायची बंदी! या बंदीविरुद्ध संघटनेने केलेली आंदोलने, तुरुंगवाऱ्या, १९८६ च्या डिसेंबरात हिंगोलीकडे झालेला गोळीबार, हे आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. खाजगी खरेदीला वाट मिळायला २००२ साल उजाडावे लागले. तेव्हा कुणी इस्लामाबादच्या नाक्यावर आपल्याला अडवले असे म्हणाले, तर आपण आधी विचारायचे की बाबा, वणीच्या आणि पांढरकवड्याच्या नाक्यावर आम्हाला तीस वर्षे कुणी अडवले होते?

आता पुन्हा साहेबांच्या विमानाकडे वळू.

शेती होती, व्यापार नव्हता

आपल्या भागातल्या देशांनी एकत्र येऊन एकमेकांचे भले करावे, ही कल्पना नवी नाही. ऑगस्ट १९८३ मध्ये सात देशांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला जमले आणि दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्याची घोषणा झाली. यजमान होते आपले परराष्ट्रमंत्री पी. व्ही. नरसिंह राव. पुढच्याच वर्षी ते आपल्या विदर्भातल्या रामटेकमधून लोकसभेवर गेले. मराठी इतकी चांगली की हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचे त्यांनी तेलुगूत भाषांतर केले होते. (हे नाव मला दर हंगामात आठवते.) त्या दिल्लीच्या बैठकीत सहकार्याचे विषय ठरले. शेती त्यात होती, हवामान होते, आरोग्य होते. व्यापार नव्हता. म्हणजे शेतकऱ्याने शेती कशी करावी यावर सात देशांचे अधिकारी एकमेकांच्या राजधानीत जाऊन चर्चासत्रे घेणार, पण पिकलेला माल हद्दीपलीकडे विकायचा विषय मात्र टेबलावर नाही. १९८५ च्या डिसेंबरात ढाक्याला सार्कची सनद झाली. मुक्त व्यापाराचा करार व्हायला जानेवारी २००४ उजाडला, तो लागू झाला १ जानेवारी २००६ पासून, आणि त्यालाही प्रत्येक देशाने आपापल्या 'संवेदनशील' मालाची यादी जोडली. आजही दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम वीसाव्या हिश्श्याएवढा आहे. सार्कची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली ती झालीच.

त्या आधीचा परराष्ट्रमंत्र्यांचा पाकिस्तान दौरा सुषमा स्वराज यांचा. डिसेंबर २०१५. अफगाणिस्तानासंबंधीच्या परिषदेला त्या इस्लामाबादला गेल्या आणि दोन्ही देशांनी सर्व विषयांवर बोलणी करायचे जाहीर केले. आता त्या हंगामात बाजारात काय चालले होते ते पाहा. पाकिस्तानी पंजाबात कापसाचे पीक बुडाले होते. लाहोर-फैसलाबादच्या गिरण्यांना रुई हवी होती आणि ती त्यांनी आपल्याकडून उचलली. २०१५-१६ च्या हंगामात भारतीय रुईचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक पाकिस्तान होते. मंत्र्यांची बोलणी जानेवारीत पठाणकोटचा हल्ला झाला तशी थांबली. कापूस मात्र त्या हंगामात गेला, कारण घेणाऱ्याला गरज होती आणि देणाऱ्याला पैसा हवा होता. दोन देशांचे मंत्री जे एका वर्षात करू शकले नाहीत ते दोन देशांच्या जिनर आणि गिरणीवाल्यांनी गुपचूप केले. याला सहकार्य म्हणायचे नाही तर कशाला?

२०१९ मध्ये तेही संपले. फेब्रुवारीत पुलवामा झाला. १९९६ पासून पाकिस्तानला दिलेला सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचा दर्जा आपण काढून घेतला, तिकडच्या मालावर दोनशे टक्के जकात बसवली. ऑगस्टमध्ये काश्मीरचा निर्णय झाला आणि पाकिस्तानने व्यापारच बंद केला. दीड वर्षाने त्यांच्या गिरण्यांचा गळा दाबला गेला तेव्हा ३१ मार्च २०२१ रोजी त्यांच्या आर्थिक समितीने भारतातून कापूस आणि साखर आणायला मंजुरी दिली. आपल्याकडच्या जिनवाल्यांनी फोन फिरवायला सुरुवात करेपर्यंत दुसऱ्या दिवशी, १ एप्रिलला, त्यांच्या मंत्रिमंडळाने तो निर्णय फिरवला. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी त्यांच्या गिरणी कामगारांना एप्रिल फूल केले आणि सोबत आपल्यालाही.

इथे मला स्पष्ट बोलू द्या, कारण आपल्या बैठकांत फौजेत पोरे असलेले बाप बसतात. जयशंकर यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्लामाबादेत जे सांगितले त्याचा मतितार्थ असा होता की सीमेपलीकडून दहशतवाद, अतिरेक आणि फुटीरता येत राहिली तर त्याच सीमेवरून व्यापार, वीज आणि माणसांची ये-जा होणे अवघड आहे. यात चूक काय? पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने यजमानाच्या घरात बसून हे सांगितले, त्याला हिंमत लागते. सहा महिन्यांनी, २२ एप्रिल २०२५ ला, पहलगामला काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. अटारीचा नाका बंद झाला, मे महिन्यात पाकिस्तानी मालाची आयात पूर्ण थांबली, लढाई झाली. त्या दिवसांत कुणी मला म्हणाले असते की आधी कापसाचे बोला, तर मीही त्याला गप्प केले असते. रक्त सांडत असताना गाठीचा भाव विचारणारा शेतकरी मला माहीत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. पाकिस्तानचा दरवाजा बंद आहे तो आपल्या हातात नसलेल्या कारणाने. पण जे दरवाजे आपल्या हातात होते ते कुणी बंद केले?

आपल्याच कलमाने

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीने कापूस निर्यात रोखली. तेव्हा सीमेवर गोळी चालली नव्हती. देशातल्या गिरण्यांना रुई महाग पडू लागली होती, एवढेच. ५ मार्च २०१२ ला पुन्हा तेच. एका सोमवारी अधिसूचना निघाली आणि निर्यात बंद. कृषिमंत्री आपल्या महाराष्ट्राचेच होते, शरद पवार, आणि त्यांनी जाहीरपणे सांगितले की मला विचारलेही नाही. ज्याच्या खात्यात कापूस पिकतो त्याला विचारले नाही, मग परराष्ट्र खात्याला तरी विचारले असेल काय? बंदरात ज्यांचा माल अडकला ते चीन-बांगलादेशचे गिऱ्हाईक होते. आठवड्याभरात ओरड झाल्यावर बंदी सैल केली, आधी नोंदलेल्या सौद्यांना वाट दिली. पण आपल्या गावच्या अडत्यालाही ठाऊक असते की एकदा सौदा करून माल न देणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते ते भाव पाडूनच. परराष्ट्रमंत्री वर्षभर विमानाने फिरून शेजाऱ्याचा विश्वास जमवतो आणि उद्योग भवनातला एक कारकून एका सहीत तो घालवतो.

ढाक्याचे उदाहरण सगळ्यात जवळचे. बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही. पण कपडे शिवून जगाला विकण्यात त्याचा नंबर चीनच्या खालोखाल लागतो. म्हणजे त्याला रुई किंवा सूत बाहेरूनच आणावे लागते. आपला कापूस आणि सूत घेणाऱ्यांत तो सगळ्यात मोठा. मिर्झापूरच्या वाटेने बंगालात जाणारा वऱ्हाडी कापूस आठवा. दीडशे वर्षे विलायतेचा फेरा मारून तो पुन्हा जुन्या गिऱ्हाइकाकडे आला होता. पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावरून ट्रकने सूत गेले की थोड्या दिवसांत ते गिरणीत पोचते. ब्राझीलहून जहाज यायला महिना-दीड महिना लागतो.

अशा गिऱ्हाइकाशी २०२५ साली काय झाले? ऑगस्ट २०२४ मध्ये तिकडे सरकार पालटले, मने कडवट झाली. एप्रिल २०२५ मध्ये आपण बांगलादेशाला आपल्या बंदरांतून माल तिसऱ्या देशात पाठवायची दिलेली सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात त्यांनी खुष्कीच्या नाक्यांवरून येणारे भारतीय सूत बंद केले. मे महिन्यात आपण त्यांच्या तयार कपड्यांना खुष्कीच्या नाक्यांवर मज्जाव केला. दोन शेजारी बांधावरून भांडावेत तसे झाले. एकाने पाणी अडवले म्हणून दुसऱ्याने गाडीवाट अडवली. त्या भांडणात सुताचा प्रत्येक ट्रक थांबला, आणि सूत थांबले की जिनिंगची रुई थांबते, रुई थांबली की सरकीसकट कापूस घेणाऱ्याचा हात आखडतो. पोहरादेवीच्या शेतकऱ्याने बांगलादेशचे काय वाईट केले होते? त्याचे भांडण फक्त बोंडअळीशी आणि रानडुकरांशी आहे.

एवढ्यावर भागले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के जकात लावली. तिरुपूरच्या कपडेवाल्यांची पंचाईत झाली हे खरे. त्यांना दिलासा म्हणून काय केले? परदेशी कापसावरची अकरा टक्के आयात जकात १९ ऑगस्टपासून माफ केली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आता कॅलेंडर काढा. आपल्याकडे पहिली वेचणी दसऱ्याच्या सुमाराला. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे घरात कापूस भरलेला, उसनवारीवाला दारात उभा, वेचाईचे पैसे द्यायचे, पोरीच्या लग्नाची बोलणी. नेमके त्या चार महिन्यांसाठी देशाचे दार परक्या कापसाला सताड उघडे. त्या वर्षीचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०. खुल्या बाजारात कापूस त्याच्या कितीतरी खाली गेला आणि सी.सी.आय.च्या केंद्रावर जायचे तर आधी मोबाईलवर नोंदणी, मग ओलावा, मग तारीख. वॉशिंग्टनशी बिघडलेल्या संबंधांची भरपाई मानोऱ्याच्या काट्यावर झाली. हा माझा आरोप आहे आणि तो मी जबाबदारीने करतो.

ज्वारीला ताट मिळाले

ज्वारीविषयी लिहायचे राहिले असते. परराष्ट्र खात्याने तिची आठवण ठेवली हे मान्य केले पाहिजे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, ते भारताच्या प्रस्तावावरून. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कला जयशंकर यांनी सुरक्षा परिषदेच्या सदस्यांना भरडधान्यांचे जेवण दिले, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीसही जेवायला होते. दिल्लीच्या जी-२० परिषदेत २०२३ च्या सप्टेंबरला पुन्हा तेच ताट. ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' हे नाव मिळाले. आमच्या आईला कळले असते तर तिला हसू आले असते. तिने आयुष्यभर भाकरीच थापली, श्री कधी लावले नाही.

आपल्या भागात ज्वारीचे रान कमी झाले, सोयाबीन आली. ज्याच्या घरी बैल आहेत तो कडब्यासाठी पेरतो. रोही आणि डुकरे उरले ते खातात. २०२५-२६ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये जाहीर झाला, पण बाजार समितीत त्या भावाने ज्वारी घेणारा शोधायला कंदील लागतो. न्यूयॉर्कला जे जेवले त्यांच्यापैकी एकाही देशाशी ज्वारीच्या खरेदीचा सौदा झाल्याचे ऐकिवात नाही. जेवण झाले, ढेकर झाला, पाहुणे गेले.

उरले आहे काय, असे विचारतात

कापड गिरणीवाल्यांचे म्हणणेही ऐकू. ते म्हणतात, तुम्ही निर्यातीचे दार मागता, पण विकायला माल कुठे आहे? २०२४-२५ च्या हंगामात देशाने जेवढी रुई विकली त्यापेक्षा जास्त बाहेरून आणली. हे खरे आहे आणि आपल्याला लाज वाटण्यासारखे आहे. एक काळ आपण जगाला कापूस विकणाऱ्यांत पहिल्या-दुसऱ्या नंबरचे होतो. पण हे झाले कशाने? बी.टी. बियाण्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्याची दुसरी पिढी २००६ मध्ये आली, त्यानंतरचे नवे बियाणे आपल्याला अधिकृतपणे मिळालेच नाही. ब्राझीलचा शेतकरी एका हेक्टरात आपल्या कित्येक पट रुई काढतो, आणि तणनाशक सहन करणारे बियाणे पेरले म्हणून आपल्या शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल होतात. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला संघटनेने ते उघड पेरून दाखवले. हात बांधून पळायला सांगायचे आणि मग म्हणायचे, पाहा, हा मागे पडला. त्यात भाव असा की पुढच्या वर्षी पऱ्हाटी लावावी की नाही याचा माणूस दहादा विचार करतो. निर्यातबंदीने भाव पडतो, भाव पडल्याने पेरा घटतो, पेरा घटल्याने माल उरत नाही, आणि माल नाही म्हणून आयात. मग हेच लोक विचारतात, उरले आहे काय!

नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावाचे स्वागत केले म्हणून शरद जोशींना डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी शिव्या खाव्या लागल्या. जगाचे दार उघडले तर शेतकरी मरेल, असे शहाणे सांगत होते. आज मागे वळून पाहिले तर दार उघडले ते एकाच बाजूने. आत येणाऱ्याला उघडे, बाहेर जाणाऱ्याला बंद. अशा दाराला आमच्याकडे उंदराचा पिंजरा म्हणतात.

मग मागायचे काय

मी परराष्ट्रमंत्र्यांना पाकिस्तानात जाऊन कापूस विका असे म्हणत नाही. तो दरवाजा उघडेल तेव्हा उघडेल. पण ढाक्याला, काठमांडूला, कोलंबोला जाणाऱ्या विमानात पाच फायली असतात. वीज, बंदर, रेल्वे, संरक्षण आणि नदीचे पाणी. सहावी फाईल कापसाची असावी, आणि त्यात पुढाऱ्यांच्या भाषणाऐवजी साधा करारनामा असावा: इतक्या वर्षांसाठी रुई आणि सूत यांची वाट आम्ही बंद करणार नाही, तुम्हीही करू नका, भांडण झाले तर ते दुसऱ्या मालावर काढू. बंजाऱ्याच्या तांड्याला दोन फौजांच्या मधून जायची मुभा होती, त्या धर्तीची मुभा. दुसरे, परदेशाशी झालेल्या भांडणाची भरपाई करायची असेल तर ती तिजोरीतून करा. तिरुपूरला मदत द्यायची तर सरकारने रोख द्यावी, आमच्या कापसाचा भाव पाडून देऊ नये. तिसरे म्हणजे, निर्यात बंद करायची किंवा आयात मोकळी करायची अधिसूचना ऑक्टोबर ते मार्च या काळात निघूच नये. पेरण्यापूर्वी सांगा, म्हणजे आम्ही काय पेरायचे ते ठरवू.

यातले एकही मागणे भीक नाही आणि एकालाही अंदाजपत्रकात पैसा लागत नाही, तिरुपूरची मदत सोडली तर.

जिल्हा बैठकीत हा ठराव मांडायचा आहे. दिल्लीत तो कोणत्या टेबलावर पाठवायचा, वस्त्रोद्योग की वाणिज्य की परराष्ट्र, यावर वाद होईल. माझे मत परराष्ट्र खात्याकडे पाठवावा, कारण बाकीच्या दोघांनी आपले म्हणणे पुष्कळदा वाचून फाईलबंद केले आहे. ठरावाला जोड म्हणून एक काम प्रत्येकाने करायचे. येताना सातबारा आणू नका, तो त्यांच्याकडे आहेच. २०२५-२६ च्या हंगामात कापूस विकल्याची पावती आणा, मग ती बाजार समितीची असो, जिनिंगची असो की खेडा खरेदीवाल्याने वहीच्या कागदावर लिहून दिलेली असो. त्यावर तारीख, वजन आणि भाव वाचता आला पाहिजे. या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावून १९ ऑगस्टच्या अधिसूचनेशेजारी चिकटवायच्या आहेत. डिंक आणि कागद कार्यालयात आहे.